औषधाची खिडकी

बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा. एक खाच, एक डोस. खाचा सारख्या आल्या नाहीत तर पेशंट बरा व्हायला वेळ लागतो, असं बेबीआत्याचं मत.

*

"आपली वेळ निश्चित झाली आहे. कृपया पाच मिनिटं आधी जोडून घ्या. हा संदेश संगणकाने पाठवला आहे, उत्तर देऊ नये."

तरी पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी उत्तरं दिली. एकाने लिहिलं, "बरं." एकीने लिहिलं, "तुम्ही कशा आहात?"

*

पाहुण्यांच्या खोलीतली उशी सापडत नाही.

*

बाकामागच्या फळ्यांवर डोक्याच्या उंचीला एक काळपट पट्टा आहे. तेलाचा. रंगारी दर वेळी तिथे एक हात जास्त मारायचा आणि वर्षभरात पट्टा परत यायचा. जुना पट्टा रंगातून वर येतो, की नवी डोकी नवा आणतात, यावर घरात दोन पक्ष होते.

*

समुद्रापलीकडच्या एका स्वयंपाकघरात फोन सांगतो, "रांगेत तुमच्या आधी दोन जण आहेत." मग संगीत लागतं. ताई ओट्याला टेकून उभी राहते आणि ते दोघं दिसायला कसे असतील याचा विचार करते.

*

ठक ठक. म्हणजे, परत बोलव.

बाकावर

रविवारी दवाखाना बंद. या रविवारी बाहेर बंदची पाटी होती आणि आत सगळं घर.

अण्णा बाकावर बसले होते, पाठ फळ्यांना टेकवून. उभा जन्म ज्या बाकाकडे आतल्या खोलीतून पाहिलं, त्यावर बसायची सवय त्यांना काम सोडल्यावर लागली. रोज सकाळी येऊन बसायचे. नवीन पेशंट विचारायचा, "आजोबा, तुमचा नंबर कितवा?" अण्णा सांगायचे, "माझा होऊन गेला."

"अण्णा, ऐकू येतंय का?" आतल्या खोलीतून मुलगा ओरडला. त्याला सगळे अजून धाकटे डॉक्टर म्हणत. धाकट्या डॉक्टरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"ओरडतोयस म्हणून येतंय."

दवाखाना म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिला उभी चिरत गेलेली फळ्यांची भिंत. भिंतीच्या पलीकडे औषधांची खोली, तिथे बेबीआत्याचं राज्य. अलीकडे आधी बाक, मग पडदा, पडद्याआड डॉक्टरांची खोली. डॉक्टरांची खुर्चीही त्याच भिंतीला पाठ लावून. आणि बाकाजवळ फळ्यांमध्ये एक खिडकी, इतकी खाली की औषध घ्यायला वाकावं लागायचं आणि आत फक्त दोन हात दिसायचे. बाटली भरणारे, बूच लावणारे, पुड्या बांधणारे. बेबी अण्णांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडली तरी बेबीच.

उद्या सुतार येणार होता. भिंत निघणार होती.

"भिंत काढली की इथे दोन छोट्या खोल्या होतात," सूनबाई म्हणाली. ती मोठ्या इस्पितळात संगणकाचा सगळा कारभार बघायची आणि दोन महिने हाच नकाशा घेऊन घरभर फिरत होती. "एकीत पडद्यावरचे पेशंट, एकीत समोरचे. औषधं दुकानातून घरपोच. या बाकावर तासन्‌तास ताटकळायचं कुणी आणि का?"

"ताटकळत नव्हते," अण्णा म्हणाले. "बोलत होते."

"तापाने फणफणलेला माणूस काय बोलतो, अण्णा?"

"'तुम्हाला पण ताप का?' असं बोलतो."

ताई हसली. ताई म्हणजे धाकट्या डॉक्टरांची परदेशातली लहान बहीण, ताई हे तिचं घरातलं लाडाचं नाव. ती लॅपटॉपात होती, आणि लॅपटॉपला दुसरी जागा नव्हती म्हणून तो पेशंटच्या वजनकाट्यावर ठेवला होता.

"ताई, पावणेदोन किलो भरलीस," पडद्याआडून धाकटे डॉक्टर.

"इकडच्या जेवणाने झालंय ते. पण ऐक, मी वहिनीच्या बाजूने आहे. इथे माझा डॉक्टर मी प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही, तरी माझं सगळं व्यवस्थित चाललंय."

"व्यवस्थित चाललंय म्हणून पाहिला नाहीस," अण्णा पुटपुटले. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"आणि ती खिडकी," धाकटे डॉक्टर हातात हेडफोन घेऊन बाहेर आले. "एवढी खाली खिडकी करतं का कुणी? लोकांच्या कमरा मोडल्या."

"मुद्दाम केलीय खाली. तोंड दिसलं की माणूस अर्धंच सांगतो, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं," अण्णा म्हणाले.

"आई म्हणायची, बायकांना संकोच वाटू नये म्हणून," ताई.

"मला वाटायचं लहान मुलांसाठी असेल," सूनबाई म्हणाली. "बेबीआत्या, खरं काय हो?"

खिडकीतून नुसता बाटल्या पुसल्याचा आवाज येत राहिला.

खिडकीत

बेबीआत्याला खरं माहीत होतं. पण बोलायला श्वास लागतो, आणि ती नुकतीच वरच्या फळीवरच्या बाटल्या उतरवून स्टुलावर बसली होती.

उन्हाळ्यापासून असं चाललंय. आधी जिना, मग अंगण, आता नुसती फळी. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात. पाहुण्यांच्या खोलीतली उशी तिच्याच पलंगावर आहे, चादरीखाली. इतकी वर्षं खिडकीत बसून तिने हे दुखणं किती जणांच्या तोंडून ऐकलंय. नाव तिला ठाऊक आहे. घरात दोन डॉक्टर आहेत.

आणि नेमकं म्हणूनच.

आज सांगितलं तर अण्णा म्हणणार, "बघा, भिंत काढायच्या धसक्यानेच पडली." धाकटा म्हणणार, "आत्या, आता घरी बसायचं." सूनबाई बिचारी मान खाली घालणार. भिंतीचं भांडण तिच्या छातीवर येऊन बसणार. त्यापेक्षा सुतार येऊन जाऊ दे. मग सांगू. असं ती पंधरा दिवस म्हणत होती, आणि परवा पहाटे गुदमरून उठली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सुताराच्या आधी आपलाच नंबर लागतोय.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. आतूनही बाहेरचे फक्त हातच दिसायचे. बाकावर अण्णाचे हात, गुडघ्यांवर ठेवलेले.

या खिडकीशी लोक काय काय बोलून गेले. आत डॉक्टरांना सांगायचं, "पोट दुखतं." आणि इथे बाटली घेताना हळूच, "बाई, शौचातून रक्त जातं हो." आत, "झोप येत नाही." इथे, "नवरा मारतो." मोठ्याने विचारायची सोय नव्हती, बाकावर अख्खी गल्ली बसलेली. म्हणून ती बाटलीचा तळ फळ्यांवर आपटायची. ठक ठक. पलीकडे अण्णाच्या पाठीत ते पोचायचं. अण्णा पडदा सारून बाहेर यायचा, "अहो, जरा थांबा, एक तपासायचं राहिलं." दर वेळी चूक स्वतःकडे. गावभर बोलबाला, डॉक्टर हुशार आहेत, पण भारी विसराळू.

धाकट्याच्या काळात ठक ठक कमी झालं. लोक कागद घेऊन यायला लागले, कागदावर सगळं छापलेलं. मग फोन आले. शेवटची ठक ठक कधी वाजवली ते तिला आठवेना.

"बेबीआत्या!" सूनबाई दारातून आत आली. "एक काम कराल? चाचणीला पेशंट हवाय. हा माझा फोन. तुम्ही तुमच्या घरी आहात असं समजा. हे डॉक्टर पडद्यावर दिसतील. काहीतरी आजार सांगा."

"कुठला?"

"कुठलाही. मनाने रचून सांगा. तुम्हाला काय तोटा!"

बेबीआत्याने फोन घेतला. हातात मावणारी, चौकोनी, उजेडाची खिडकी. मांडीवर ठेवली तर हीसुद्धा बरोबर तेवढीच खाली येत होती.

खुर्चीत

सूनबाईने टेबल फिरवून ठेवलं होतं. उजेड तोंडावर यायला हवा म्हणे. धाकट्या डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ न करता बसल्यासारखं वाटलं, आणि मानेमागे उगाच गार लागलं. त्यांनी हेडफोन चढवले.

"नमस्कार. मी डॉक्टर बोलतोय. आपलं नाव?"

"अरे गाढवा, मी आत्या."

बाहेर वजनकाट्यावर ताई खिदळली. तिलाही कॉलमध्ये जोडलं होतं.

"आत्या, नाटक आहे ना! पेशंटसारखं बोल. आणि फोन सरळ धर, नुसता पंखा दिसतोय."

पंखा गेला. कपाळ आलं, मग एक डोळा, मग गुडघा, आणि शेवटी, फोन कशाला तरी टेकवून ठेवल्यावर, आत्याचे हात. चेहरा काही आला नाही.

"असू दे, आवाज छान येतोय. काय होतंय तुम्हाला?"

"दम लागतो."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. जिना चढताना मधेच थांबते. कुणी बघितलं तर कठडा पुसत उभी राहते."

"वा!" ताई म्हणाली. "कठडा काय सुचला!"

धाकटे डॉक्टर हसले. मघाशी चित्र अडकलं होतं ते आता सुरळीत होतं. ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहायचं होतं, पण ओठ नव्हतेच. "पायाला सूज?"

"संध्याकाळी येते. बोटाने दाबलं की खड्डा राहतो."

"झोप?"

"आडवं झालं की खोकला. एका उशीवर भागेना, दोन घेतल्या. आता तीन लागतात. परवा पहाटे उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, हवा खायला."

"आत्या, पुस्तकाचं पानच म्हणून दाखवलंस! परीक्षेत पहिला नंबर."

"मग मी काय करू, डॉक्टर?"

हातांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं. धाकट्या डॉक्टरांनी ते पाहिलं. नंतर कित्येक महिने ते त्यांना दिसत राहिलं. पण त्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात जोडणी चांगली असल्याच्या हिरव्या रेघा होत्या, आणि त्यांचं लक्ष रेघांवर होतं.

"मीठ कमी करा. रक्त तपासून घ्या, मी लिहून पाठवतो. झालं! चालतंय की हे उत्तम. आत्या, तो लाल गोल दाब आता."

"एवढंच?"

"एवढंच. बघ, किती पटकन झालं."

काट्यावर

ताईला टाळी वाजवावीशी वाटली आणि तिने वाजवली. परदेशी गेल्यापासून घरातल्या कुठल्या कामाला ती इतक्या वेळेवर हजर नव्हती. आई गेली तेव्हा ती विमानात होती.

"दादा, तू जिंकलास," ती म्हणाली. "अण्णा, आता हट्ट सोडा. आत्यालासुद्धा जमलं!"

पडद्यावरच्या तिच्या चौकोनाशेजारी आत्याचा चौकोन अजून उघडाच होता. लाल गोल कुणी दाबला नव्हता. एक हात बाजूला गेला आणि रिकामी बाटली घेऊन आला. बाटली वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली.

आवाज आला नाही.

"आत्या काय करतेय?" ताईने विचारलं.

"पुसत असतील," सूनबाई म्हणाली.

बाकावर

अण्णांचे कान गेल्या काही वर्षांत निम्मे गेले होते. हसणं त्यांना दुरून गाडी गेल्यासारखं ऐकू आलं. पण पाठ फळ्यांना टेकलेली होती, आणि पाठीला अजून सगळं ऐकू यायचं.

ठक ठक.

त्यांना आधी वाटलं, आठवण आहे. या बाकावर बसलं की अशा आठवणी व्हायच्याच. फळ्यांतून कधी बाटल्यांची किणकिण यायची, कधी आईच्या कडेवरल्या कुठल्यातरी पोराचं रडणं. अण्णा डोळे मिटून ते येऊ द्यायचे.

ठक ठक.

म्हातारा उठला. उठताना काठी पडली, ती उचलायला थांबला नाही. सवयीने तो आधी पडदा सारायला वळला, मग लक्षात आलं की आपण अलीकडेच आहोत.

"अहो," अण्णा खिडकीजवळ येऊन म्हणाले. "जरा थांबा. एक तपासायचं राहिलं."

हसणं बंद झालं. हे वाक्य त्या खोलीत कितीतरी वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

अण्णा वाकले. ऐंशी वर्षांची कंबर खिडकीपर्यंत नेणं हे मोठं काम होतं. त्यांनी हात आत घातला आणि बहिणीचं मनगट धरलं. डोळे मिटून नाडी पाहिली.

"बेबी, हे रचलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"कुणाला सांगितलंस?"

"आत्ता सगळ्यांना सांगितलं की. टाळ्या मिळाल्या."

धाकटे डॉक्टर हेडफोन गळ्यात तसेच घेऊन धावत पलीकडच्या खोलीत गेले. सूनबाई जागच्या जागी उभी होती.

"उशी," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या खोलीतली उशी. चार दिवस शोधतेय मी."

"चादरीखाली आहे," फळ्यांपलीकडून आत्या. "धुऊन देईन."

सगळीकडे

पुढचं सगळं एकदम झालं, त्यामुळे तसंच सांगायला हवं.

धाकटे डॉक्टर आत्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून "बोलू नकोस, श्वास घे" म्हणत होते आणि स्वतःच बोलत होते, "मी पडद्यावर काय बघत होतो? आत्या, मी काय बघत होतो?" अण्णा खिडकीतून मनगट सोडायला तयार नव्हते. सूनबाईने छातीचा आलेख काढायचं छोटं यंत्र आणलं, पट्टी निघेपर्यंत तिचा फोटो घेतला, मोठ्या इस्पितळातल्या हृदयवाल्या डॉक्टरांना पाठवला, आणि त्यांनी रविवारचा फोन उचलला. "आत्ताच घेऊन या," ते म्हणाले. "बसवून आणा, झोपवू नका. औषध सुरू केलं की उतार पडेल, पण आज आणा." आत्या इस्पितळाच्या दारात पोचायच्या आधी तिचे कागद तिथे पोचणार होते. ताई लॅपटॉपातून सारखं विचारत होती, "कुणीतरी मला फिरवा! मला भिंत दिसतेय! मला फक्त भिंत दिसतेय!"

गाडी यायला थोडा वेळ होता. त्या वेळात जे भांडण झालं, ते पुढे घरात खूप वर्षं सांगितलं गेलं.

"भिंत राहू दे," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नको काढायला. बाहेरचे आवाज गाळायची सोय मीच लावली होती. पेशंटच्या घरची भांडी, टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून. त्या आत वाजवत होत्या आणि मी गाळून टाकलं."

"काढा भिंत," अण्णा म्हणाले.

"अण्णा?"

"समोर बसवून मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ठणठणीत आहे. रोज विचारतो, रोज तेच म्हणते. तुझ्या त्या फोनला सांगितलं तिने. फोनलाच सांगितलं ना? मग तो हवा."

"पण ऐकलं भिंतीने!" सूनबाई म्हणाली.

"ताई, तू सांग," धाकटे डॉक्टर वजनकाट्याकडे वळले. "तू तर हिच्या बाजूची होतीस."

"मी वहिनीच्याच बाजूची आहे," ताई रडत म्हणाली. "भिंत ठेवा. माझ्या फोनलापण असं काहीतरी ठोकायला असतं ना..."

"तुला काय होतंय?" अण्णांनी तत्काळ विचारलं.

"काही नाही, अण्णा."

"काही नाही म्हणजे काय?"

"उद्या करते फोन. एकटीने. तुम्हाला."

"आधी मला न्या," बेबीआत्या म्हणाली, "मग भांडा. तोवर भिंतीला काही होत नाही."

तिला स्टुलासकट उचलायचं ठरलं, ते तिने हाणून पाडलं. धाकट्याच्या दंडाला धरून ती चालत निघाली, पावलापावलावर थांबत. बाकाजवळ आल्यावर बसली. या बाजूने, पेशंटच्या बाजूने, ती पहिल्यांदाच बसली होती. तिने मागे डोकं टेकवलं, बरोबर त्या काळपट पट्ट्यावर, आणि फळ्यांवरून हात फिरवला.

"बरंय की," ती म्हणाली. "इथून दवाखाना मोठा वाटतो."

अण्णा तिच्या शेजारी बसले. "आठवतं तुला, गुलाबी औषध संपलं होतं तेव्हा तू पाण्यात सरबत घालून दिलं होतंस?"

"आणि तो बरा झाला होता."

"अजून येतो. तेच मागतो."

"बोलू नकोस, आत्या," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"बोलू दे रे," अण्णा म्हणाले. "इथे बसल्यावर बोलतातच."

बाहेर गाडी वाजली. सूनबाईने पर्स उचलली, फोन उचलला. मग परत आत जाऊन ती रिकामी बाटली घेऊन आली आणि आत्याच्या हातात दिली. इस्पितळात खाटेशेजारी भिंत कसली असेल, ते तिला ठाऊक नव्हतं.

सुताराला दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तो आला, कुलूप पाहून परत गेला.

खिडकी कापली तेव्हा बेबी चौदा वर्षांची होती. तेव्हाच्या सुताराने तिला स्टुलावर बसवलं आणि तिचा हात पोचला तिथे पेन्सिलीने खूण केली.